संग्रहालयांनाही मित्रमंडळ हवं

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

१८ मेच्या जागतिक संग्रहालय दिनाची बातमी तुमच्या पेपरात वाचली. त्या दिवशी कुठे तिकीट माफ आहे, कुठे शाळेच्या मुलांची चित्रकला स्पर्धा आहे वगैरे माहिती होती, छान होती. पण एका गोष्टीचा, म्हणजे संग्रहालयाला बिनपगारी हात देणाऱ्या गावकऱ्यांच्या मंडळांचा, त्यात उल्लेखसुद्धा नव्हता आणि ती आपल्याकडच्या कुठल्याच पेपरात येत नाही म्हणून हे पत्र लिहितोय, जरा लांबलंय, पण कापायचं असेल तर दुसरीकडे कापा, ओल्या पुस्तकांबद्दल जे लिहिलंय ते मात्र ठेवा अशी विनंती.

जगात बऱ्याच ठिकाणी संग्रहालय चालतं ते सरकारच्या पैशावर आणि क्युरेटरच्या, म्हणजे संग्रह सांभाळणाऱ्या तज्ज्ञाच्या ज्ञानावर, हे खरंच आहे, पण त्यासोबत त्या गावातली बिनपगारी माणसं असतात, त्यांना तिकडे सरळ 'म्युझियमचे मित्र' म्हणतात. त्यांची रीतसर मंडळं असतात, वर्गणी असते, निवडून आलेली कमिटी असते. पॅरिसच्या लूव्र म्युझियमच्या मित्रांची संस्था १८९७ सालची आहे, तिने सभासदांच्या पैशातून चित्रं विकत घेऊन म्युझियमला दिली, अँग्र या फ्रेंच चित्रकाराच्या हातचं गाजलेलं हमामखान्याचं चित्र लूव्रला १९११ ला मिळालं ते या मित्रांकडूनच. केंब्रिजच्या फिट्झविल्यम म्युझियमची मित्रसंस्था १९०९ ची. म्हणजे हे काही काल-परवाचं फॅड नाही.

आणि या मंडळांची पुढे जागतिक संघटना झाली, वर्ल्ड फेडरेशन ऑफ फ्रेंड्स ऑफ म्युझियम्स, १९७५ मध्ये. आयकॉम ही जी संग्रहालयांची आंतरराष्ट्रीय परिषद आहे (१९४६ पासूनची, १८ मेचा दिवस तिनेच १९७७ पासून सुरू केला) तिच्याशी ही मित्रांची संघटना संलग्न आहे. १९९६ मध्ये त्यांनी मित्रांसाठी आणि स्वयंसेवकांसाठी आचारसंहिता केली. त्यातला मुद्दा साधा आहे, हे काम मोबदल्याशिवाय करायचं, स्वतःच्या फायद्यासाठी करायचं नाही आणि म्युझियमने आखून दिलेल्या चौकटीत करायचं. हे मुद्दाम सांगतोय कारण आपल्याकडे 'बाहेरची माणसं आत घेतली तर वस्तू जातील' ही भीती पहिली पुढे येते. त्या भीतीचा विचार जगाने करून ठेवलाय, आपल्याला पहिल्यापासून करायची गरज नाही.

आता तुम्ही म्हणाल चिपळूणच्या माणसाला पॅरिस-केंब्रिजचं काय एवढं. तर सांगतो.

२२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी गावात शिरलं तेव्हा आमच्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरातली, म्हणजे आमच्या लोटिस्मातली पुस्तकं पाण्यात गेली. १८६४ पासूनची संस्था आहे ही, आणि तिचं स्वतःचं वस्तुसंग्रहालय पण आहे. त्याआधी २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत कृष्णेने तेच केलं होतं, तिथल्याही जुन्या वाचनालयाची पुस्तकं गेली. दोन्ही वेळेला मदतीला माणसं आली, खूप आली, खराटे घमेली घेऊन कुठून कुठून आली, त्यांचे उपकार आम्ही विसरणार नाही. पण पूर ओसरल्यावर बाजारपेठेत, घरोघर, जिथे जिथे कागद भिजला होता तिथे बघा काय चालू होतं, कोणी ओलं पुस्तक उघडून पानं सुटी करायला बघतंय आणि ती हातात फाटून येतायत, कोणी पंख्याखाली उभं करतंय, कोणी ऊन पडायची वाट बघतंय, जुलैमध्ये चिपळूणात ऊन! आणि मग चौथ्या-पाचव्या दिवशी बुरशी दिसायला लागली की सगळं घमेल्यात भरून रस्त्यावरच्या ढिगात. दुकानांच्या वह्या गेल्या, लग्नाचे अल्बम गेले, आजोबांच्या हातच्या कुळाच्या नोंदी गेल्या. कष्ट कमी पडले नाहीत. कसं करायचं हे सांगणारं कोणी नव्हतं.

आणि हे 'कसं करायचं' जगात कुठे शिकलं गेलं तर देशोदेशीच्या स्वयंसेवकांनी एकत्र चिखलात उभं राहून शिकलंय. ४ नोव्हेंबर १९६६ ला इटलीत फ्लॉरेन्समध्ये आर्नो नदीला पूर आला. थंडी सुरू होत होती म्हणून घराघरांच्या तळघरात शेगडीचं तेल भरून ठेवलेलं, ते सगळं पाण्यात मिसळलं, म्हणजे नुसता चिखल नाही, काळा तेलकट चिखल. तिथल्या राष्ट्रीय ग्रंथालयात दहा लाखांच्या वर पुस्तकं-कागदपत्रं त्यात बुडाली. सान्ता क्रोचे चर्चच्या म्युझियममधला चिमाब्वे या चित्रकाराने रंगवलेला मोठा क्रूस, तेराव्या शतकातला, त्याचा अर्ध्याहून जास्त रंग गेला. तेव्हा इटलीतली आणि बाहेरची तरुण पोरं, कॉलेजची, बॅगा पाठीवर टाकून तिथे पोचली, कोणी बोलावलं नव्हतं, त्यांना एकमेकांची भाषा येत नव्हती. तळघराच्या जिन्यावर रांग लावून, हातातून हातात पुस्तक वर देत, कुजक्या वासामुळे तोंडाला गॅसमास्क लावून त्यांनी ते ग्रंथालय रिकामं केलं. तिथले लोक त्यांना चिखलातले देवदूत म्हणतात, आजही.

पण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते त्याच्या पुढचं. पुस्तकं वर आली, पण वाळवायची कुठे? तर तंबाखू सुकवायच्या भट्ट्यांमध्ये नेऊन वाळवली. आपल्या परिसरात जे आहे त्याचा उपयोग केला. मग इंग्लंडमधून बुकबाइंडर आले, त्यात पीटर वॉटर्स नावाचे गृहस्थ होते, बाकी देशांतून पण कारागीर आले, आणि तिथेच ओल्या पुस्तकावर काय करायचं, कुठल्या क्रमाने करायचं याची पद्धत बसत गेली. कागद आणि पुस्तकं वाचवण्याचं आजचं शास्त्र बरंचसं त्या चिखलातून आलंय. हेच वॉटर्स १९७१ मध्ये अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये गेले आणि १९७५ मध्ये भिजलेल्या ग्रंथालयांसाठी त्यांनी मार्गदर्शिका लिहिली. मधल्या काळात, १९७२ च्या जूनमध्ये, न्यूयॉर्क राज्यातल्या कॉर्निंग गावी काचेच्या म्युझियममध्ये वादळाच्या पुराचं पाणी घुसलं तेव्हा तिथली ओली पुस्तकं थेट गोठवून ठेवली. गोठवली म्हणजे बुरशी थांबली, आणि मग सवडीने थोडी थोडी वाळवता आली. एका देशातल्या पुरात शिकलेलं दुसऱ्या देशातल्या पुरात कामाला आलं, आणि तेही सहा वर्षांच्या आत.

आमच्याकडे ते पन्नास वर्षांनी पण पोचलं नव्हतं. मला राग येतो तो याचा. रत्नागिरी जिल्ह्यात बर्फाचे कारखाने आहेत, मासळीची कोल्ड स्टोरेजं आहेत, आंब्याच्या पल्पची आहेत. फ्लॉरेन्सला तंबाखूच्या भट्ट्या होत्या तसं आमच्याकडे हे आहे की! २०२१ ला कोणाच्या तरी डोक्यात वेळेवर असतं की ओली पुस्तकं मासळीच्या क्रेटमध्ये घालून रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदराकडे रवाना करा, तर किती वाचलं असतं. अर्थात तेव्हा रस्ते बंद, लाइट नाही, माणसं छपरावर, हे सगळं मी बघितलंय, पहिल्या दिवशी पुस्तकांचा विचार कोणी करू शकत नाही आणि करूही नये. पण तिसऱ्या दिवशी करता आला असता, जर आधीच ठरलेलं असतं तर.

म्हणून जे शिकलोय ते इथे थोडक्यात लिहितो, कुणाच्या उपयोगी पडेल. ओलं पुस्तक उघडायचं नाही. मिटलेलंच ठेवून, हलक्या हाताने दाबून धरून, स्वच्छ पाण्यात चिखल सोडायचा, घासायचं अजिबात नाही, आणि हाताने शाईने लिहिलेलं असेल किंवा पोथी असेल तर धुवायचंच नाही, शाई पसरते. दमट हवेत साधारण दोन दिवसात बुरशी धरायला लागते, तेवढ्यात जे वाळवून होईल असं वाटतं तेवढंच वाळवायला घ्यायचं. सावलीत, पंख्याचा झोत थेट न मारता, पानांच्या मध्ये मध्ये कोरे कागद घालून, आणि ते कागद ओले झाले की बदलत राहायचं. बाकी सगळं बटर पेपरात किंवा साध्या कोऱ्या कागदात गुंडाळून, शिवणीची बाजू खाली करून, क्रेटमध्ये सैलसर रचून गोठवायला पाठवायचं. गुळगुळीत आर्ट पेपरची पुस्तकं, म्हणजे रंगीत चित्रांची, ती सगळ्यात आधी पाठवायची कारण ती एकदा चिकटून वाळली की पानं सुटत नाहीत, वीट होते. फोटो असतील तर चित्राची बाजू वर ठेवून वाळवायचे, त्या बाजूला बोट लावायचं नाही. गोठवलेलं मग महिन्यांनी काढलं तरी चालतं, थोडं थोडं काढून वाळवायचं. यात कुठेही महागडं मशीन नाही, बघा. जाणती माणसं असली की झालं, आणि जाणती माणसं तयार करायला मंडळ लागतं.

रोममध्ये इक्रॉम नावाची संस्था आहे, युनेस्कोने सुरू केलेली, ती आपत्तीत वारसा कसा वाचवायचा याचं प्रशिक्षण देते, त्यांची पुस्तिका इंटरनेटवर फुकट मिळते. असलं साहित्य आपल्याकडच्या दहावी-बारावी झालेल्या पोराला, गणेशोत्सव मंडळाच्या कार्यकर्त्याला कळेल अशा मराठीत गावोगाव पोचायला हवं. सरकारी मराठीत नको. आपल्याकडे भाषांतर करू शकणारी रिटायर्ड शिक्षक मंडळी किती आहेत, त्यांना कोणी काम सांगत नाही. मी स्वतः हायस्कूलवर होतो, माझ्यासारखे प्रत्येक तालुक्यात सापडतील.

पुराचं झालं, पण मित्रांचं काम रोजचं असतं. माझी भाची नवऱ्याच्या नोकरीमुळे सिंगापूरला असते, तिथे १९७८ पासून फ्रेंड्स ऑफ द म्युझियम्स नावाचं मंडळ आहे. ही सगळी स्वयंसेवक माणसं, बऱ्याचशा बायका, वेगवेगळ्या देशांतून तिथे आलेल्या, आणि त्या म्युझियममध्ये येणाऱ्यांना हिंडून माहिती सांगतात, डोसंट म्हणतात त्यांना. भाचीला मी विचारलं की असं कोणीही उठून सांगायला लागतं का, तर ती म्हणाली मामा, कित्येक महिन्यांचं ट्रेनिंग असतं, लेक्चरं, वाचन, लिहून द्यायचं, मग सगळ्यांसमोर एका वस्तूवर बोलून दाखवायचं, त्यात चुका काढतात, परत करून दाखवायचं. तिच्या बॅचला एक जपानी, एक फ्रेंच, एक ऑस्ट्रेलियन, तमिळ, गुजराती अशा सगळ्या होत्या.

तिच्या वाट्याला एशियन सिव्हिलायझेशन्स म्युझियममधलं बुडालेल्या जहाजाचं दालन आलं. हे जहाज इंडोनेशियात बेलितुंग बेटाजवळ १९९८ ला समुद्रात सापडलं, नवव्या शतकातलं, अरबी बांधणीचं, आणि त्यात चीनमधली साठ हजारांच्या आसपास भांडी. एवढी भांडी बघून मुलं कंटाळणारच ना, सगळे वाडगे सारखेच दिसतात. तर ती काय करते, मुलांना एका वाडग्यापुढे उभं करते, चांगशाच्या भट्टीतला वाडगा, साधाच, तपकिरी, आणि विचारते काय दिसतंय? कोणी म्हणतं मासा, कोणी म्हणतं ढग, कोणी म्हणतं नुसत्या रेघोट्या. मग ती सांगते की याच जहाजातल्या एका वाडग्यावर कुंभाराने तारीख कोरलीय, आणि ती आपल्या हिशोबाने सन ८२६ ची येते, त्यामुळे ते जहाज साधारण कधी निघालं ते कळलं. एका वाडग्यावरून अख्ख्या जहाजाचा काळ! मुलं मग बाकीच्या हजारो वाडग्यांवर काही लिहिलंय का ते काचेला नाक लावून शोधायला लागतात. ही युक्ती तिला कुठल्या पुस्तकाने दिली नाही, तिच्या आधीच्या एका डोसंट बाईने दिली, आणि भाची आता ती पुढच्या बॅचला देते. बँकॉकच्या नॅशनल म्युझियमला पण असंच स्वयंसेवकांचं मंडळ आहे, १९६९ पासून, तिथे इंग्रजी, फ्रेंच, जर्मन, जपानी अशा भाषांमध्ये फिरवून दाखवतात. नवऱ्याची किंवा स्वतःची बदली झाली की यातल्या बायका दुसऱ्या शहरात जाऊन तिथल्या म्युझियमचं दार ठोठावतात. ठरावबिराव काही न करता देशादेशांत देवाणघेवाण चालू राहते ती अशी.

आता आपल्याकडे या. मुंबईत परिस्थिती बरी आहे हे कबूल. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या आधाराने म्युझियम सोसायटी आहे, व्याख्यानं होतात, त्या म्युझियमची फिरती बस २०१५ पासून गावोगाव जाते, ब्रिटिश म्युझियम, बर्लिन, लॉस एंजेलिसचं गेटी यांच्या मदतीने तिथे प्रदर्शनं झाली. भायखळ्याच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयाचं जे काम झालं, महापालिका, इंटॅक ही वारसा जपणारी संस्था आणि बजाज फाउंडेशन यांनी मिळून केलेलं, त्याला २००५ ला युनेस्कोचं बक्षीस मिळालं. पण ही सगळी मोठी माणसं, मोठ्या संस्था. मी बोलतोय ते जिल्ह्याच्या, तालुक्याच्या म्युझियमबद्दल, जिथे एक शिपाई आणि एक वॉचमन असतो, लेबलवर 'मूर्ती, अंदाजे १२ वे शतक' एवढंच लिहिलेलं असतं आणि शाळेची सहल वीस मिनिटांत एका दारातून आत जाऊन दुसऱ्या दारातून बाहेर येते.

असल्या एका सरकारी संग्रहालयात (नाव लिहीत नाही, कारण दोष तिथल्या माणसांचा नाही) आम्ही काही रिटायर्ड लोकांनी जाऊन सांगितलं की रविवारी आम्ही येऊन बसतो, मुलांना माहिती सांगतो, काही मागत नाही, वस्तूंना हात लावणार नाही. तिथले साहेब चांगले बोलले, चहा पाजला, पण म्हणाले वरून परवानगी आणा. वर विचारलं तर म्हणे तशी तरतूद नाही. तरतूद नाही म्हणजे मनाई पण नाही ना! पण नियमात शब्द नाही म्हणून कोणी सही करत नाही. आयकॉमने ऑगस्ट २०२२ मध्ये प्रागला म्युझियमची नवी व्याख्या मंजूर केली, तिच्यात लोकांच्या सहभागाने काम करणं हे सरळ लिहिलेलं आहे. मग राज्याच्या पुरातत्त्व आणि वस्तुसंग्रहालय खात्याने एक पानाचं परिपत्रक काढायला काय हरकत आहे? स्वयंसेवकाने काय करायचं, काय करायचं नाही, ओळखपत्र कसं, जबाबदारी कोणाची. १९९६ ची ती आचारसंहिता समोर ठेवली तर एका दुपारी मसुदा होईल.

एक आक्षेप मात्र मला पटतो आणि तो बोलून दाखवतो. रिकाम्या जागा भरायच्या सोडून फुकटची माणसं बसवतील, अशी कर्मचाऱ्यांना धास्ती वाटते, आणि आपल्याकडचा अनुभव बघता ती चुकीची नाही. म्हणून परिपत्रकात पहिलं वाक्यच हे हवं की मंजूर पदाच्या जागी स्वयंसेवक चालणार नाही. मित्रमंडळाने सुद्धा भरतीसाठी खात्याच्या मागे लागावं, कारण क्युरेटर नसेल तर आम्ही रविवारची माणसं काय दिवे लावणार? शिकवायला, चुका काढायला तो लागतोच.

आणि परदेशाशी जोडून घ्यायचं म्हणजे विमानाने कॉन्फरन्सला जायचं असं कोणी समजू नये. रत्नागिरीचंच घ्या. थिबा पॅलेसमध्ये संग्रहालय आहे. ब्रह्मदेशाच्या थिबा राजाला इंग्रजांनी १८८५ ला गादीवरून उतरवून पुढे आमच्या रत्नागिरीला आणून ठेवलं, १९१० च्या सुमारास हा राजवाडा बांधून झाला आणि १९१६ ला राजा इथेच वारला. त्याची समाधी इथेच आहे. थोरली राजकन्या इथेच राहिली, तिची मुलगी टुटू, म्हणजे राजाची नात, आयुष्यभर रत्नागिरीत राहिली आणि चारचौघींसारखी मराठी बोलायची. २०१२ ला म्यानमारचे त्यावेळचे राष्ट्राध्यक्ष थेन सेन समाधीवर येऊन गेले. म्हणजे मंडालेच्या माणसाला रत्नागिरीबद्दल केवढं वाटत असेल! आपण त्यांच्यासाठी काय ठेवलंय? ब्रह्मी भाषेत एक फलक, एक पत्रक तरी? तिकडे २०२१ पासून लष्करी राजवट आणि यादवी चालू आहे, सरकारी पातळीवर काही होणं कठीण आहे, मान्य. पण जगभर पसरलेली ब्रह्मी माणसं आहेत, बँकॉकला आहेत, सिंगापूरला आहेत, त्यांच्यातला एखादा इतिहासाचा शिक्षक आणि आपल्याकडचा एखादा शिक्षक यांनी व्हिडिओ कॉलवर बसून आठ ओळींचं पत्रक दोन भाषांत तयार करायला सरकार कशाला लागतं?

तसंच धाराशिव जिल्ह्यातल्या तेरचं. तिथल्या रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयात सातवाहन काळातल्या वस्तू आहेत, आणि तेरला मिळालेली हस्तिदंताची बाईची छोटी मूर्ती जगभरच्या अभ्यासकांना माहीत आहे, कारण तशीच एक मूर्ती १९३८ मध्ये इटलीत पॉम्पेच्या खोदकामात सापडली. पॉम्पे सन ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेत गाडलं गेलं, म्हणजे त्याच्या आधी ती मूर्ती भारतातून तिथे पोचलेली होती. ती आज नेपल्सच्या म्युझियममध्ये आहे. जालना जिल्ह्यात भोकरदनला पण त्याच धाटणीची मूर्ती मिळाली. तेरच्या शाळेतल्या मुलांनी आणि नेपल्सच्या शाळेतल्या मुलांनी या दोन मूर्तींवरून एकमेकांना पत्रं लिहिली तर? दोन्ही गावच्या म्युझियमच्या मित्रांनी ठरवलं तर एका सत्रात होण्यासारखं आहे, खर्च टपालाचा. मला तर वाटतं इटलीतली माणसं उड्या मारत तयार होतील.

यात परदेशातल्या मराठी मंडळींचा मोठा उपयोग आहे. लंडनचं महाराष्ट्र मंडळ १९३२ पासूनचं, अमेरिकेत तर गावोगाव मंडळं आहेत, सिंगापूरलाही आहे. गणपती, दिवाळी पहाट, नाटकं सगळं उत्साहाने होतं, त्याचं कौतुकच आहे. त्यातल्या चार-दोन जणांनी आपापल्या शहरातल्या म्युझियमचं सभासद व्हावं, तिथे ट्रेनिंग घ्यावं आणि मे महिन्यात घरी आले की आपल्या गावच्या म्युझियमच्या लोकांना दोन दिवस शिकवावं. माझ्या भाचीने मागच्या सुट्टीत इथे आमच्या ओळखीच्या शाळेत एक तास घेतला, म्युझियम नव्हतंच, घरातला एक पितळी तांब्या आणि एक जुना अडकित्ता टेबलावर ठेवला आणि मुलांना विचारलं काय दिसतंय. तांब्याच्या तळाशी कोरलेलं नाव एका मुलीला दिसलं, मग ते कोणाचं, कधी कोरलं, भांड्यावर नाव का घालायचे, लग्नात आलेलं का, यावर तास कसा संपला कळलं नाही. दुसऱ्या दिवशी पोरं घरून भांडी घेऊन शाळेत, मुख्याध्यापकांना आवरेना.

ब्राझीलचं एक उदाहरण देतो आणि थांबतो. २ सप्टेंबर २०१८ ला रिओचं नॅशनल म्युझियम जळलं, दोनशे वर्षांचं म्युझियम, दोन कोटींच्या आसपास वस्तूंचा साठा, बहुतेक सगळा एका रात्रीत गेला. तिथल्या म्युझियमशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी लगेच लोकांना हाक दिली की तुमच्याकडे या म्युझियममध्ये काढलेले फोटो असतील तर पाठवा, आणि जगभरातून हजारो फोटो आले, कोणे काळी तिथे जाऊन आलेल्या पर्यटकांचे. वस्तू परत येत नाहीत हे खरं, पण काय होतं ते तरी कळतं. आपल्या किती लहान म्युझियममधल्या वस्तूंचे फोटो कोणाकडे आहेत? बऱ्याच ठिकाणी तर 'फोटो काढण्यास सक्त मनाई' ही पाटी सगळ्यात ठळक असते. लोटिस्मासारख्या संस्थांच्या वस्तूंचे, वहीतल्या नोंदींचे, जुन्या ग्रंथांच्या पहिल्या पानांचे फोटो काढून ते दोन वेगळ्या गावांत ठेवणं, जमलं तर एक प्रत परदेशातल्या एखाद्या मित्रमंडळाकडे, हे काम कॉलेजच्या एनएसएसची पोरं मोबाइलवर करू शकतात. पूर एकाच वेळी चिपळूणला आणि सिंगापूरला येत नाही.

तर माझं मागणं असं, की खात्याने ते परिपत्रक काढावं आणि जिल्हा आपत्ती व्यवस्थापनाच्या आराखड्यात वाचनालयं आणि संग्रहालयं यांची नावं घालावीत, सोबत जवळच्या कोल्ड स्टोरेजच्या मालकाचा फोन नंबर. मालकांशी आधीच बोलून ठेवायला हवं, पाणी आल्यावर नाही. आम्ही इथे काही जण आमच्यापुरतं हे बोलणं सुरू करतोय, खेड-महाड-सांगली-कोल्हापूरकडचं कोणी असेल तर सोबत यावं. आणि तुम्हाला विनंती ही की वर लिहिलेली ओल्या पुस्तकांची माहिती तेवढी वेगळ्या चौकटीत छापा, लोक कापून कपाटाच्या दाराला आतून चिकटवतील, वरच्या कप्प्यात बरं का. पण मिरगाच्या आत छापा.

आपला नियमित वाचक,
एक निवृत्त शिक्षक, चिपळूण